घोडी (तंतुवाद्य)

घोडी हा तंतुवाद्याचा एक घटक आहे. वाद्याच्या तबलीवर किंवा अंगावर बसवलेल्या या तुकड्यावरून तारा पुढे जातात. तारेचा कंप पावणारा भाग एका टोकाला मेरूपाशी आणि दुसऱ्या टोकाला घोडीपाशी संपतो. त्यामुळे तारेची लांबी, तिची उंची आणि दोन तारांमधील अंतर या गोष्टी घोडीवर अवलंबून असतात. तंबोरा, सतार, सरोद, सारंगी, वारकऱ्यांची वीणा, व्हायोलिन, गिटार या सर्व वाद्यांना घोडी असते. तुणतुण्याला ती नसते. तेथे तार थेट कातड्यातून निघून दांडीवरच्या खुंटीकडे जाते.

रंगाऱ्याची घोडी जशी पायांवर उभी राहून माणसाचा भार पेलते, तशी ही तारांचा भार पेलते. व्हायोलिनच्या घोडीचे फ्रेंच नावही घोड्यावरूनच आले आहे. इंग्रजीत मात्र तिला पूल कल्पून ब्रिज म्हटले गेले आणि मराठी गिटारवादकांच्या बोलण्यात तोच शब्द रुळला आहे. गिटारच्या ब्रिजवर प्रत्येक तारेखाली जो लहान तुकडा असतो त्याला सॅडल, म्हणजे खोगीर, म्हणतात. पुलावर खोगीर घालण्याची ही इंग्रजीतील विसंगती मराठीत आपोआप दूर होते.

वाद्य विकत घेताना लाकूड, रंग, नक्षी यांकडे लक्ष जाते. घोडीकडे सहसा जात नाही. प्रत्यक्षात त्या वाद्यावर काय वाजवता येईल आणि काय येणार नाही, याचा बराचसा निर्णय घोडीनेच केलेला असतो. मिरजेच्या सतारीबाबत हे जितके खरे आहे, तितकेच विद्युत गिटारबाबतही.

कार्य

केवळ ताणलेली तार छेडली तर फारच क्षीण आवाज येतो, कारण बारीक तार हवेला पुरेसा धक्का देऊ शकत नाही. घोडी तारेचे कंपन तबलीला पोचवते. तबली आणि तिच्यामागची भोपळ्याची किंवा लाकडी पोकळी मिळून ते हवेत पसरवतात. व्हायोलिनची घोडी मेपलच्या पातळ फळीची, वरून कमानदार असते. ती कमानदार नसती तर गज एका वेळी एकाच तारेवर टेकवता आला नसता. वादनाची पद्धत घोडीचा आकार ठरवते, याचे हे सर्वांत सोपे उदाहरण.

तंबोऱ्याची, सतारीची किंवा व्हायोलिनची घोडी खिळ्याने ठोकलेली नसते. प्रामुख्याने तारांच्या दाबाने ती जागेवर राहते. सर्व तारा एकदम उतरवल्या की घोडी सरकते, आणि ती पुन्हा नेमकी पूर्वीच्याच जागी बसवणे नवशिक्याला जमत नाही. म्हणून तारा एकेक करून बदलण्याची रीत आहे.

जवारी

पाश्चात्त्य वाद्यांत तार घोडीच्या धारेवर टेकते. तंबोरा आणि सतार यांच्या घोडीचा माथा याउलट रुंद, जवळजवळ सपाट आणि अगदी किंचित उतरता असतो. कंप पावताना तार या उताराला हलकेच स्पर्श करत राहते. त्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर एकामागून एक उमलत जातात. या परिणामाला आणि तो घडवणाऱ्या पृष्ठभागाला जवारी म्हणतात. तंबोऱ्यात तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा किंवा रेशमाचा दोरा सरकवतात. दोरा केसभर पुढेमागे केला की एका जागी आवाज एकाएकी खुलतो. ती जागा प्रत्येक तारेसाठी वेगळी असते आणि ती कानानेच शोधावी लागते.

यामागील भौतिकशास्त्राकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी लक्ष वेधले. १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीची चिकित्सा केली. थॉमस यंग आणि हेल्म्होल्ट्झ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार, तार ज्या बिंदूवर छेडावी तेथे ज्या उपस्वरांचे निस्पंद येतात ते उपस्वर त्या आघाताने उमटत नाहीत. उदाहरणार्थ, तार बरोबर मध्यावर छेडली तर तिचा दुसरा, चौथा, सहावा हे उपस्वर ऐकू येऊ नयेत. तंबोऱ्यावर ते स्पष्ट ऐकू येतात. रामन यांनी याचे कारण घोडीच्या वक्र माथ्यात दाखवले. कंपनाच्या प्रत्येक आवर्तनात तार घोडीवर लपेटते आणि सुटते. तिचा टेकण्याचा बिंदू स्थिर राहत नाही, आणि त्यामुळे न छेडलेल्या उपस्वरांनाही ऊर्जा मिळते. रामन यांना नोबेल पारितोषिक मिळवून देणारे प्रकाशाच्या विकिरणावरील संशोधन यानंतरचे आहे. विद्यार्थ्यांना त्यांचे ते काम ठाऊक असते, तंबोऱ्यावरचे सहसा नसते.

सतारीच्या घोडीवर दोऱ्याची सोय नसते. तिची जवारी कानशीने आणि बारीक पॉलिश कागदाने घासूनच सिद्ध करावी लागते, आणि इथेच निवडीचा प्रश्न येतो. माथ्याचा उतार अधिक सपाट ठेवला तर तार अधिक काळ घासते आणि झणत्कार मोठा होतो. ही खुली जवारी. उतार थोडा अधिक गोलाकार केला तर तार लवकर सुटते आणि स्वर आवरलेला, गोल आणि गळ्याच्या जवळचा लागतो. ही बंद जवारी. रविशंकर यांच्या सतारीचा आवाज खुल्या जवारीचा, तर गायकी अंगाने वाजवणाऱ्या विलायत खाँ यांचा बंद जवारीचा म्हणून ओळखला जातो. यांपैकी एक श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असे नाही. लांब मिंडीत स्वर सलग ऐकू यावा असे वाटणारा वादक बंद जवारी मागतो, तर खर्जापासून तारसप्तकापर्यंत नादाची भरती हवी असणारा खुली. 'चांगली जवारी लावून द्या' एवढेच सांगणारा विद्यार्थी कारागिराला काहीच सांगत नसतो.

मिरजेतील कारागिरी

सांगली जिल्ह्यातील मिरज हे महाराष्ट्रातील तंतुवाद्यनिर्मितीचे प्रमुख केंद्र आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात येथे वाद्ये घडवण्यास आरंभ केला. या परंपरेच्या आरंभी फरीदसाहेब शिकलगार यांचे नाव घेतले जाते. पटवर्धनांच्या मिरज संस्थानात संगीताला आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे वास्तव्य काही काळ येथे होते आणि विष्णू दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे येथेच शिकले. पुढे अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) मिरजेत स्थायिक झाले. गायनाइतकीच त्यांना वाद्यांच्या दुरुस्तीची जाण होती आणि तंबोऱ्याच्या जवारीविषयी ते अत्यंत काटेकोर होते. वाद्य करणारा आणि वाद्य वापरणारा एकाच गावात, हाकेच्या अंतरावर असणे हे मिरजेच्या कारागिरीचे खरे बलस्थान मानले पाहिजे. घासलेली घोडी त्याच दिवशी एखाद्या मोठ्या गवयाच्या कानाखालून जाऊ शकत होती. २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

या वाद्यांसाठी लागणारे मोठे, जाड सालीचे कडू भोपळे प्रामुख्याने सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर परिसरातून येतात. मिरजेच्या तंबोऱ्याचे नाव जगभर गेले तरी त्याचे पोट भीमेच्या खोऱ्यात पिकलेले असते, ही गोष्ट सोलापूरकरांनाही फारशी ठाऊक नाही.

घोडीच्या बाबतीत मिरजेच्या कारागिरांना गेल्या पन्नास वर्षांत मोठा बदल स्वीकारावा लागला. पूर्वी घोडीच्या माथ्यासाठी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरत. हे पदार्थ कठीण असूनही एकजीव असतात, कानशीखाली तडकत नाहीत आणि तार त्यांना लवकर चरा पाडत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि त्यातील पुढील सुधारणा यांमुळे या पदार्थांचा व्यापार बंद झाला. त्यांच्या जागी उंटाचे हाड, शिसव, आबनूस आणि निरनिराळे कृत्रिम पदार्थ आले. हाडाची जवारी तेजस्वी लागते, परंतु हाडात बारीक छिद्रे असल्याने घासताना जपावे लागते. आबनुसाचा आवाज मऊ लागतो, मात्र पोलादी तारेखाली तो लवकर झिजतो. कृत्रिम पट्टी एकसारखी आणि टिकाऊ असते. तिच्या आवाजाविषयी वादकांत एकमत नाही. जुन्या वाद्यावरील हस्तिदंती घोडी परदेशी नेताना सीमाशुल्क अधिकाऱ्यांसमोर अडचण उभी राहू शकते. त्यामुळे दौऱ्यावर जाणाऱ्या कलावंताने घोडी हाडाची किंवा कृत्रिम पदार्थाची बसवून घेणे श्रेयस्कर.

कोणताही पदार्थ वापरला तरी तारेचा चरा पडतोच. चरा खोल गेला की तार त्यात बसते, मोकळेपणाने घासत नाही आणि आवाज बसका होतो. वादक म्हणतात, 'जवारी गेली.' मग घोडी पुन्हा घासावी लागते. रोज रियाज करणाऱ्याला हे काम वारंवार करून घ्यावे लागते. दर वेळी माथ्याची जाडी थोडी कमी होते आणि अखेर घोडी बदलण्याची वेळ येते. हे काम येणारी माणसे थोडी आहेत, कारण ते मापाने शिकवता येत नाही. कानशीचे दोन हात अधिक पडले तर मागे फिरता येत नाही.

पडदे आणि घोडी यांचा संबंध

सतार आणि गिटार दोन्ही पडद्यांची वाद्ये असली तरी त्यांच्या घोड्या इतक्या भिन्न का, हे समजण्यासाठी पडद्यांकडे पाहावे लागते.

तार पडद्यावर दाबली की ती किंचित ताणली जाते आणि स्वर अपेक्षेपेक्षा चढतो. जाड तारेत आणि उंच ठेवलेल्या तारेत ही चूक अधिक होते. सतारीचे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले आणि सरकते असतात. एखादा स्वर चढा लागला किंवा रागाला वेगळा कोमल स्वर हवा असला तर वादक पडदा सरकवतो. दुरुस्तीची सोय पडद्यात असल्यामुळे घोडीला हलण्याची गरज उरत नाही. ती एकसंध राहू शकते आणि तिचा सारा माथा जवारीसाठी मोकळा राहतो. तंबोऱ्याला तर पडदेच नसतात.

गिटारचे पडदे धातूचे असून लाकडात कायमचे ठोकलेले असतात. दुरुस्ती करायची तर ती घोडीवरच करावी लागते. म्हणून विद्युत गिटारच्या घोडीवर प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल असते आणि स्क्रूने ते पुढेमागे व खालीवर करता येते. बारावा पडदा तारेच्या मध्यावर येतो. तेथे तारेला केवळ स्पर्श करून काढलेला उपस्वर आणि तार दाबून काढलेला स्वर हे दोन्ही सारखे असले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे घेऊन तार लांब करतात, उतरता असेल तर पुढे आणतात. नीट लावलेल्या गिटारवर सॅडले कधीच एका सरळ रेषेत नसतात. ती सरळ रेषेत दिसली तर बहुधा ते वाद्य कोणी स्वरात लावलेलेच नसते, हे दुकानात गिटार पाहताना लक्षात ठेवण्याजोगे आहे.

विद्युत गिटारच्या घोड्या

भरीव अंगाच्या विद्युत गिटारमध्ये आवाज तबलीतून येत नाही. तारांखाली चुंबक आणि तारेचे वेटोळे असलेला पिकअप असतो. पोलादी तार त्यावर कंप पावली की वेटोळ्यात विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि तो ध्वनिवर्धकाकडे जातो. कंपन हवेपर्यंत पोचवण्याच्या जबाबदारीतून घोडी मुक्त झाली आणि कारागिरांना तिच्याकडून दुसरी कामे करून घेता आली.

या घोड्यांचे दोन मुख्य वर्ग आहेत: स्थिर आणि हलत्या.

स्थिर घोड्यांत फेंडर कंपनीच्या १९५१ पासून टेलिकास्टर या नावाने विकल्या गेलेल्या गिटारची घोडी सर्वांत साधी. एका पोलादी पत्र्यावर तीन सॅडले, प्रत्येकावर दोन तारा. दोन तारांना एकच सॅडल असल्याने स्वराची दुरुस्ती तडजोडीचीच होते, तरीही तिच्या खणखणीत आवाजासाठी वादक ती आजही मागतात. गिब्सन कंपनीने १९५४ मध्ये लेस पॉल कस्टम या गिटारवर टेड मॅकार्टी यांच्या काळातील ट्यून-ओ-मॅटिक घोडी बसवली. तिच्यात सहा तारांना सहा सॅडले असतात, ती दोन खांबांवर उभी राहते आणि तारा तिच्यामागे वेगळ्या पट्टीत अडकवतात. ही घोडी अंगापासून उंच असल्याने गिटारची मान किंचित मागे झुकवलेली असावी लागते. त्यामुळे सरळ मानेच्या गिटारवर ती नुसती आणून बसवता येत नाही.

हलत्या घोडीला एक दांडी जोडलेली असते. दांडी दाबली की घोडी पुढे झुकते, साऱ्या तारा सैल होतात आणि स्वर उतरतो. दांडी सोडली की स्प्रिंगा घोडीला मागे ओढतात. पॉल बिग्सबी यांची घोडी या प्रकारातील जुन्यांपैकी असून स्वराला मंद आंदोलन देण्यापुरती ती उत्तम आहे. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर गिटारबरोबर लिओ फेंडर यांनी जी घोडी आणली तिने मोठा बदल घडवला. तीत सॅडले आणि तारा अडकवण्याचा ठोकळा एकत्रच हलतात, आणि गिटारच्या पाठीत कोरलेल्या पोकळीत पाचपर्यंत स्प्रिंगा असतात. फेंडर यांनी तिला ट्रेमोलो हे नाव दिले. वास्तविक ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या तीव्रतेतील कंप. स्वराच्या उंचीतील कंपाला व्हायब्राटो म्हणतात. चुकीचे नाव इतके रूढ झाले आहे की आता ते दुरुस्त करण्याचा आग्रह कोणी धरत नाही.

दांडी जोराने वापरली की तारा मेरूपाशी घासून थोड्या अडकतात आणि गिटार बेसूर होते. फ्लॉइड रोझ यांनी मेरूपाशी आणि घोडीपाशी अशा दोन्ही टोकांना तारा पकडीत घट्ट आवळण्याची युक्ती काढली. तिचे पेटंट त्यांना १९७९ मध्ये मिळाले. आवळल्यानंतर खुंट्यांचा उपयोग राहत नाही, म्हणून बारीक सुरासाठी घोडीवरच छोटे स्क्रू देण्यात आले. तारा कितीही सैल करून परत आणल्या तरी स्वर जागेवर येतो. त्याबदल्यात साधी तार बदलायलाही षट्कोनी चावी, तारेच्या टोकाची गाठ कापायला पक्कड आणि बराच वेळ लागतो.

तरंगत्या घोडीचा समतोल

हलती घोडी अनेकदा अंगाला न टेकता 'तरंगती' ठेवलेली असते. एकीकडे तारांचा ओढा, दुसरीकडे स्प्रिंगांचा. नेहमीच्या वापरातील बारीक तारांच्या संचाचा एकूण ताण सुमारे ४५ किलोग्रॅम भाराइतका असतो आणि स्प्रिंगांनी तेवढाच प्रतिकार करावा लागतो. हा समतोल एकाच तारेने बिघडू शकतो. तार तुटली तर स्प्रिंगा जिंकतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. एक तार उतरवून वेगळ्या स्वरात लावली तरी तेच होते. जाड तारांचा संच घातला तर स्प्रिंगांचे स्क्रू पुन्हा आवळावे लागतात.

भारतीय संगीत वाजवू पाहणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट याच्याही पुढे आहे. सतारवादक पडद्यावर तार आडवी ओढून मींड काढतो, आणि त्याच वेळी चिकारीच्या तारा षड्ज धरून असतात. गिटारवरही तार आडवी ओढून एक-दीड स्वरापर्यंत चढवता येते. पण घोडी तरंगती असेल तर ओढलेल्या तारेचा वाढीव ताण घोडीला पुढे खेचतो आणि बाकीच्या तारा उतरतात. वरच्या तारेवर गंधारापासून मध्यमाकडे जात असताना खाली धरलेला षड्जच घसरतो. शिवाय घोडी पुढे आल्यामुळे ओढलेला स्वरही पुरेसा चढत नाही. तार अधिक ओढावी लागते. एकेरी स्वर वाजवणाऱ्या रॉक वादकाला हा दोष जाणवत नाही, कारण त्या क्षणी दुसरी तार वाजतच नसते. षड्ज सतत कानात ठेवून मींड घेणाऱ्याला मात्र तो असह्य होतो.

निवड

म्हणून घोडीची निवड वादनापासून सुरू करावी, गिटारच्या रूपापासून नव्हे. मिंडीवर भर देणाऱ्याने, वेगवेगळ्या स्वरांत तारा लावून पाहणाऱ्याने, आणि जो आठवड्यातून दोन दिवसच वाद्य हाती घेणार आहे अशा विद्यार्थ्याने स्थिर घोडीची गिटार घ्यावी. तिला सांभाळणे सोपे असते आणि ती सुरात टिकते. दांडी हवीशी वाटते पण तिचा उपयोग हलक्या आंदोलनापुरताच आहे, अशा वादकाला स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची घोडी पुरते. तीही अंगाला टेकवून, केवळ स्वर उतरवण्यापुरती मोकळी ठेवली तर बहुतेक अडचणी टळतात. दोन्ही टोकांना आवळलेली तरंगती घोडी ज्या संगीतासाठी निर्माण झाली ते संगीत वाजवायचे असेल तरच घ्यावी.

शंका राहिली तर हलती घोडी घेऊन तिला थांबवता येते, हे ध्यानात ठेवावे. पाठीच्या पोकळीत लाकडी ठोकळा घट्ट बसवला की ती व्यवहारतः स्थिर होते; एरिक क्लॅप्टन आपल्या स्ट्रॅटोकास्टरवर हेच करत आले आहेत. उलट दिशेने जाणे महाग पडते, कारण स्थिर घोडीच्या गिटारमध्ये स्प्रिंगांसाठी लाकूड कोरावे लागते आणि कोरलेले लाकूड परत भरून येत नाही. सुटी घोडी मागवताना जुन्या गिटारचे माप घ्यावे. स्क्रू सहा आहेत की खांब दोन, त्यांच्यातील अंतर किती आणि पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतची रुंदी किती, एवढे मोजल्याशिवाय पैसे भरू नयेत. दिसायला सारख्या घोड्यांत काही मिलिमीटरचा फरक असतो आणि तेवढ्याने ती बसत नाही.

जवारी असलेली गिटार

गिटारच्या घोडीवर तार घासून झणझण आवाज आला तर तो दोष समजतात आणि दुरुस्तीला नेतात. सतारीवर तोच आवाज मिळवण्यासाठी कारागीर दिवसभर घासत बसतो. या दोन टोकांची भेट १९६७ मध्ये झाली. डॅनइलेक्ट्रो या अमेरिकन कंपनीने वादक विनी बेल यांच्या कल्पनेनुसार कोरल या नावाने विद्युत सतार बाजारात आणली. ती वस्तुतः सहा तारांची गिटारच होती. तिच्यावर तेरा तरफेच्या तारा आणि रुंद, जवळजवळ सपाट माथ्याची घोडी होती. तारा त्या माथ्यावर घासत आणि सतारीची आठवण देणारा झणत्कार निघत असे. सर्व तारांना मिळून एकच घोडी असल्याने प्रत्येक तारेची लांबी वेगळी करण्याची सोय मात्र गेली, आणि गिटारचे पडदे तर ठोकलेलेच. वरच्या पडद्यांवर ही गिटार नेमकी सुरात ठेवणे त्यामुळे कठीण जाते. जवारी हवी तर पडदे सरकते हवेत, हा सतारीच्या रचनेतील हिशेब त्या वेळी कोणी ध्यानात घेतलेला दिसत नाही.

हवामान आणि निगा

लाकडी तबलीचे वाद्य हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते, आणि घोडीची उंची त्याबरोबर बदलते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. पावसाळ्यात लावलेला तंबोरा उन्हाळ्यात वेगळाच बोलू लागतो. अशा वेळी घोडी घासायला घेण्यापूर्वी दोरा सरकवून पाहावा. वाद्य पत्र्याच्या छताखाली किंवा बंद मोटारीत ठेवू नये, कारण घोडीची पट्टी डिंकाने किंवा सरसाने चिकटवलेली असते आणि उष्णतेने ती सुटते.

भरीव गिटारला ओलाव्याचा त्रास कमी होतो, पण तिच्या घोडीवरचे पोलादी स्क्रू गंजतात. कोकणच्या आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत हे लवकर घडते; घाट चढून आल्यावर घामाने घडते. वाजवून झाल्यावर घोडी कोरड्या फडक्याने पुसावी आणि वर्षातून एक-दोनदा स्क्रूंना तेलाचा थेंब द्यावा. गंजून घट्ट बसलेला सॅडलचा स्क्रू जबरदस्तीने फिरवला तर त्याचे डोके झिजते. मग ते सॅडल आहे त्या जागी अडकून राहते आणि ती तार सुरात लावणे कारागिरालाही अवघड होते.